जुने फोटो किती डीपीआयला स्कॅन करायचे?

स्कॅनरची काच पुसून घेतली, अल्बममधला पहिला फोटो पालथा ठेवला, झाकण लावलं आणि संगणकावर स्कॅनची खिडकी उघडली की गाडी तिथेच अडते. ‘रेझोल्युशन’ असं लिहिलेल्या चौकटीत आकड्यांची रांग असते: ७५, १५०, ३००, ६००, १२००, २४००, एखाद्या मशीनवर ४८०० आणि ९६००सुद्धा. यातला कोणता घ्यायचा, ते मशीन सांगत नाही.

मग घाईत असलेला माणूस आधीपासून निवडलेला आकडा तसाच राहू देतो. तो बऱ्याचदा कागदपत्रांच्या सोयीने ठेवलेला असतो, १५० किंवा २००. ज्याचा त्या फोटोंवर जीव आहे तो सगळ्यात मोठा आकडा निवडतो; एकदाच करायचं काम, कमी पडायला नको. पहिल्याच्या हाती लहानशी, धूसर फाइल लागते. दुसऱ्याचं मशीन एकेका फोटोला कितीतरी मिनिटं घेतं, पंधरा-वीस फोटोंनंतर उत्साह संपतो आणि उरलेला अल्बम परत कपाटात जातो. मी दोन्ही पाहिलं आहे, आणि मला दुसऱ्याचंच जास्त वाईट वाटतं. कपाटात परत गेलेला अल्बम पुन्हा बाहेर निघायला वर्षं लागतात आणि तोवर रंग उडतच असतात.

संगणकात उतरवलेलं पहिलं छायाचित्रसुद्धा घरगुतीच होतं. १९५७ साली अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये काम करणाऱ्या रसेल किर्श यांनी आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचा फोटो स्कॅन केला. फोटो ५ सेंटिमीटर लांब आणि तेवढाच रुंद. यंत्राने त्याचे आडवे १७६ आणि उभे १७६ ठिपके केले. आजच्या भाषेत हे इंचाला ९०च्या आसपास भरतं. बाळ आहे हे लगेच कळतं, पण गालाची कड पायऱ्यापायऱ्यांची दिसते. त्या काळी असे थोडे हजार ठिपके साठवणं हेच मोठं काम होतं. आता साठवणं सोपं झालं आहे, म्हणून किती ठिपके पुरेत हे ठरवायची वेळ आपल्यावर आली आहे.

डीपीआय म्हणजे काय

शाळेतला आलेखाचा कागद आठवा. एखाद्या चित्रावर तो पारदर्शक करून ठेवला आणि प्रत्येक चौकटीत खालच्या चित्राचा एकच रंग भरायचा असं ठरवलं, तर चौकटी मोठ्या असताना चित्र ढोबळ येईल आणि बारीक असताना नेमकं येईल. स्कॅनर हेच करतो. अशा प्रत्येक चौकटीला पिक्सेल म्हणतात, आणि एका इंचाच्या लांबीत किती चौकटी आखायच्या तो आकडा म्हणजे डीपीआय. शाईच्या ठिपक्यांसाठी डीपीआय आणि पिक्सेलसाठी पीपीआय म्हणावं असा जाणकारांचा आग्रह असतो आणि तो बरोबरच आहे. पण स्कॅनरवर बहुधा डीपीआय लिहिलेलं असतं, म्हणून इथेही तोच शब्द ठेवतो.

नेहमीचा ४ बाय ६ इंचांचा फोटो घ्या. ३०० डीपीआयला त्याचे १२०० गुणिले १८००, म्हणजे २१ लाख ६० हजार पिक्सेल होतात. ६०० ला ८६ लाख ४० हजार. १२०० ला ३ कोटी ४५ लाख ६० हजार. आकडा दुप्पट केला की पिक्सेल चौपट होतात, कारण चौकटी आडव्याही वाढतात आणि उभ्याही. रंगीत स्कॅनमध्ये प्रत्येक पिक्सेलला साधारणपणे तीन बाइट लागतात. म्हणजे काहीही न दाबता, न आकुंचता ठेवलेली फाइल अनुक्रमे साडेसहा, २६ आणि १०४ एमबीची होते. डीपीआयचा आकडा निवडताना ही चौपट लक्षात ठेवली तरी अर्धा गोंधळ मिटतो.

फोटोत मुळात किती आहे

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? स्कॅनिंगचं सगळं शहाणपण या एका म्हणीत आहे. डीपीआय म्हणजे पोहऱ्याचा आकार. पोहरा लहान असेल तर पाणी आडातच राहून जातं. अवाढव्य घेतला तरी आडात आहे तेवढंच वर येतं, ओढण्याची मेहनत मात्र वाढते.

म्हणून आधी आडाची खोली बघायची. आपल्या हातातला कागदी फोटो मूळ चित्र नसतो, ती नक्कल असते. कॅमेऱ्याने टिपलेलं चित्र निगेटिव्हवर असतं. त्यातून प्रकाश सोडून, एका भिंगातून मोठं करून ते कागदावर पाडलेलं असतं. या प्रवासात बारकावे गळतात. कॅमेऱ्याचं भिंग साधं असतं, फोटो काढताना हात हललेला असतो, फोकस थोडा पुढे-मागे असतो, आणि लॅबमधल्या मोठं करणाऱ्या भिंगाची मर्यादा वेगळीच. शिवाय कागदही इतके बारकावे धरून ठेवायला कधी बनवलेला नव्हता. तो हातात धरून बघण्यासाठी बनवलेला होता. चांगल्या नजरेला एका अंशाच्या साठाव्या भागाइतका फरक कळतो. ३० सेंटिमीटरवर धरलेल्या फोटोवर हे अंतर ०.०९ मिलिमीटरच्या आसपास येतं, म्हणजे इंचाला २९० ठिपके. ३०० हा आकडा छपाईत इतका रुळला आहे, त्यामागे आपल्या डोळ्याची ही मर्यादा आहे.

लॅबमध्ये धुतलेल्या नेहमीच्या रंगीत फोटोत साधारण तेवढाच, इंचाला २०० ते ३०० पिक्सेल भरतील एवढा तपशील असतो. यावर कोणी विचारेल, मग ३०० पुरे झालं की! हिशेबाने पुरे, व्यवहारात थोडं कमी. एक कारण असं की स्कॅनरचं स्वतःचंही भिंग आहे आणि तेही थोडं धूसर करतं. ३०० निवडल्यावर खरोखर ३०० इतका तपशील फार क्वचित मिळतो. दुसरं, आपल्या चौकटींच्या रेघा फोटोतल्या केसांच्या किंवा कापडाच्या रेघांवर नेमक्या बसतील असं नसतं. एखादी बारीक काळी रेघ दोन चौकटींच्या मधोमध पडली तर दोन्हींत अर्धी-अर्धी वाटली जाते आणि काळीच्या जागी राखाडी पट्टा येतो. म्हणून गरजेच्या एक पायरी वर राहणं बरं. कागदी फोटोंसाठी ती पायरी ६००.

आडाची खोली सगळीकडे सारखी नसते, हेही खरं. पूर्वी मोठ्या निगेटिव्ह थेट कागदावर टेकवून फोटो काढले जायचे. त्यांना कॉन्टॅक्ट प्रिंट म्हणतात. मध्ये भिंग नाही, मोठं करणं नाही, त्यामुळे निगेटिव्हमधला बारकावा जवळजवळ तसाच उतरतो. घरातले जुने कृष्णधवल फोटो आकाराने अगदी लहान, पांढऱ्या किनारीचे आणि तरीही कमालीचे रेखीव असतील, तर ते असे असण्याची शक्यता मोठी. या लहानग्यांना आपण कमी लेखतो, आणि खरं तर त्यांच्यातच सगळ्यात जास्त दडलेलं असतं.

चार मिलिमीटरचा चेहरा

माझ्याकडे एक गटाचा फोटो आहे. सहा इंच रुंद, तीन रांगा, बत्तीस माणसं. मागच्या रांगेतल्या एका चेहऱ्यावर पट्टी ठेवली तर तो भरतो ४ मिलिमीटर. डोळा एक मिलिमीटरहूनही कमी, ०.८ च्या आसपास.

३०० डीपीआयला त्या चेहऱ्याच्या वाट्याला आडवे ४७ पिक्सेल आले आणि डोळ्याच्या वाट्याला ९. नऊ चौकटींत पापणी, बुबुळ, पांढरा भाग हे सगळं बसवायचं, म्हणजे काय होणार! डोळ्याच्या जागी काळा डाग दिसत होता. ६०० ला चेहऱ्याला ९४ आणि डोळ्याला १९ पिक्सेल मिळाले. आता चष्म्याची दांडी कानाकडे जाताना दिसली, एका काचेवर पडलेली उजेडाची तिरीप दिसली, आणि माणूस कॅमेऱ्याकडे न बघता शेजाऱ्याकडे बघतोय हे पहिल्यांदा कळलं. फोटो लहानपणापासून घरात होता, पण हे कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. १२०० ला चेहऱ्याला १८९ पिक्सेल मिळाले, फाइल चौपट झाली, आणि दिसलं मात्र तेवढंच. चष्मा तोच, तिरीप तीच. नवीन आला तो फक्त कागदाचा खरखरीतपणा. या फोटोचा तळ ६०० लाच लागला होता.

याच्या उलट अनुभव दुसऱ्या एका फोटोने दिला. सव्वादोन बाय सव्वातीन इंचांची कॉन्टॅक्ट प्रिंट, एकटा उभा माणूस. ६०० ला त्याच्या सदऱ्याच्या खिशापाशी एक पांढरी रेघ दिसत होती. मला तो ओरखडा वाटला आणि मी तो पुसायलाच निघालो होतो. १२०० ला कळलं की ती पेनाची क्लिप आहे, टोकाला गोळी असलेली.

तुमच्या अल्बमचा तळ शोधायला हीच पद्धत वापरा. सगळ्यात रेखीव वाटणारा एक फोटो निवडा, त्यातला चेहऱ्याचा किंवा अक्षरांचा पाव भाग ३००, ६०० आणि १२०० ला स्कॅन करा आणि तिन्ही तुकडे पडद्यावर सारख्याच आकाराचे दिसतील इतके मोठे करून शेजारी ठेवा. ज्या पायरीवर नवीन काही दिसेनासं होतं, तिच्या आधीची पायरी तुमची. एखादं साधं भिंग हाताशी असेल तर स्कॅन न करताही अंदाज येतो: भिंगाखाली फोटो रेखीवच राहिला तर आकडा वाढवण्यात अर्थ आहे, मऊ, पसरट दिसू लागला तर नाही.

मग आकडा कोणता

ज्याला प्रयोग करायचा नाही त्याने पोस्टकार्डाएवढ्या आणि त्याच्या आसपासच्या सगळ्या कागदी फोटोंसाठी ६०० निवडावं आणि कामाला लागावं. ४ बाय ६ चा फोटो ६०० ला स्कॅन केला की त्याचे पिक्सेल फोर-के टीव्हीच्या पडद्यावरच्या ८३ लाख पिक्सेलपेक्षा थोडे जास्तच होतात, आणि दुप्पट मोठी, ८ बाय १२ ची छपाईही छान येते.

तीन-साडेतीन इंचांच्या लहान फोटोंना आणि पासपोर्ट आकाराच्यांना १२००. मोठे, ८ बाय १० चे फोटो असतील तर ४०० नेही भागतं. यामागे एक सोपं सूत्र आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने २००४ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ८ बाय १० पर्यंतच्या फोटोंसाठी डीपीआयपेक्षा लांब बाजूच्या पिक्सेलवर भर होता: लांब बाजूला ४००० पिक्सेल. दहा इंचांच्या फोटोला ते ४०० डीपीआय होतं आणि फोटो लहान होत जाईल तसा आकडा वाढतो. माझी ती सव्वातीन इंचांची कॉन्टॅक्ट प्रिंट १२०० ला ३९०० पिक्सेल देते, म्हणजे जवळपास तेवढेच. मला हे सूत्र आवडतं, कारण त्यात सगळ्या फोटोंना एकच आकडा लावलेला नाही.

मोठी छपाई काढायची नक्की असेल तर हिशेब असा: जितक्या पट मोठं करायचं तितक्या पट ३००. अडीच इंचांचा फोटो दहा इंच करायचा तर चौपट, म्हणजे १२००. अर्थात फोटोत तेवढं असेल तरच.

वर्तमानपत्रातून किंवा मासिकातून कापून ठेवलेल्या चित्रांची गोष्ट वेगळी आहे. ती फोटोच्या कागदावर नसून शाईच्या बारीक ठिपक्यांच्या जाळीतून छापलेली असतात. या जाळीवर स्कॅनरची जाळी पडली की लाटालाटांचे पट्टे उमटतात. जाळीचे दोन पडदे एकमेकांवर आले की दिसतात तसेच. याला मॉयरे म्हणतात. असं कात्रण ६०० ला स्कॅन करावं, स्कॅनच्या खिडकीत ‘डिस्क्रीन’ची सोय असेल तर ती चालू करावी, आणि मग चित्र लहान करून ठेवावं.

आणि निगेटिव्ह सापडल्या तर आधी त्यांच्याकडे वळा. ३५ मिलिमीटर फिल्मची एक चौकट ३६ बाय २४ मिलिमीटर असते. तिला ३०० डीपीआय लावलं तर हाती जेमतेम ४२५ बाय २८३ पिक्सेल येतात, म्हणून तिथे आकडे वेगळेच: किमान २४००, चांगलं मशीन असेल तर ४००० पर्यंत. २४०० ला ७७ लाख पिक्सेल होतात. कागदावर न उतरलेले बारकावे आणि छाया तिथे शिल्लक असतात. त्यासाठी झाकणात दिवा असलेला, फिल्म स्कॅन करू शकणारा स्कॅनर लागतो. साध्या स्कॅनरवर निगेटिव्ह ठेवून उपयोग नाही. डब्याच्या तळाशी गुंडाळून पडलेल्या त्या तपकिरी पट्ट्या कृपा करून फेकू नका.

माझ्या स्कॅनरवर ९६०० लिहिलं आहे, त्याचं काय?

स्कॅनरच्या माहितीत दोन प्रकारचे आकडे असतात. ‘ऑप्टिकल’ म्हणजे मशीनच्या सेन्सरला प्रत्यक्षात दिसतं ते. ‘इंटरपोलेटेड’ म्हणजे दोन खऱ्या ठिपक्यांच्या मधला ठिपका सॉफ्टवेअरने अंदाजाने भरला तो. डावीकडे पांढरा, उजवीकडे काळा, मग मध्ये राखाडी असणार, असा तो अंदाज. त्यातून फाइल मोठी होते, नवी माहिती एका कणाचीही येत नाही.

‘१२०० × २४००’ असं लिहिलेलं असेल तर सहसा पहिला आकडा सेन्सरवरच्या पेशींचा असतो आणि दुसरा मोटार किती बारीक पावलांनी पुढे सरकते त्याचा. विश्वास लहान आकड्यावर ठेवायचा. प्रिंटरला जोडून येणाऱ्या स्कॅनरमध्ये तो बहुधा ६०० किंवा १२०० असतो आणि कागदी फोटोंना तेवढा पुरतो, त्यामुळे फक्त आकड्यासाठी नवं मशीन घ्यायची गरज नाही.

आकड्यापेक्षा एक वेगळी गोष्ट जास्त नडते. पातळ, हलक्या स्कॅनरमध्ये सीआयएस नावाचा सेन्सर असतो. त्याला काचेला अगदी चिकटलेलंच स्पष्ट दिसतं. कागद दोन-तीन मिलिमीटर वर उचललेला असला की तिथे धूसर होतं. जुने फोटो तर वळलेलेच असतात. पुठ्ठ्यावर चिकटवलेले, वळलेले किंवा फ्रेममधून न निघणारे फोटो असतील तर सीसीडी सेन्सरचा, थोडा जाडजूड स्कॅनर मिळवा. काही अंतरावरचंही त्याला नीट दिसतं. धूसर कोपऱ्याचा फोटो डीपीआय कितीही वाढवला तरी धूसरच येतो.

जागा भरपूर आहे, मग सगळंच १२०० ला का नको?

हजार फोटो ६०० ला, न आकुंचता ठेवले तर २६ जीबी होतात. १२०० ला १०४ जीबी. हार्ड डिस्कवर हेही मावेल. दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवायची, तीही मावेल. जागेसाठी मी नको म्हणत नाहीच.

वेळेसाठी म्हणतो. बहुतेक स्कॅनरांचा दिवा १२०० ला खूप हळू सरकतो. एका फोटोमागे वाढलेलं एखादं मिनिट हजार फोटोंना सोळा-सतरा तास होतं. तेवढा वेळ काच पुसण्यात, धूळ झटकण्यात, फोटो सरळ ठेवण्यात घातला तर फरक उघड्या डोळ्यांना दिसेल. ए-फोर आकाराच्या काचेवर ४ बाय ६ चे तीन फोटो बसतात, दोन उभे शेजारी आणि तिसरा त्यांच्याखाली आडवा. मध्ये बोटभर जागा सोडली नाही तरी चालेल, पण थोडी फट हवी. बरीचशी सॉफ्टवेअर मग त्यांच्या वेगळ्या फाइल स्वतःच करतात.

शिवाय जास्त डीपीआयला फोटोबरोबर बाकीचंही मोठं होतं. धुळीचा कण, बोटाचा ठसा, चिरा. विशेषतः मधल्या काळातले ते खडबडीत, मधमाशीच्या पोळ्यासारखी नक्षी असलेले कागद. स्कॅनरचा दिवा एका बाजूने पडतो, त्यामुळे नक्षीच्या प्रत्येक उंचवट्याची सावली पडते आणि चेहऱ्यावर जाळी पसरल्यासारखं दिसतं. आकडा वाढवला की ही जाळीच जास्त रेखीव येते. असा फोटो एकदा सरळ आणि एकदा उलट फिरवून, डोकं खाली करून, स्कॅन करावा. मग फोटो दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरमध्ये दुसरा सरळ करून पहिल्यावर नेमका बसवावा आणि दोन्हींची सरासरी काढावी. एका स्कॅनमधल्या सावल्या दुसऱ्यातल्या उजेडावर पडतात आणि जाळी बरीच विरते. काम किचकट आहे, सगळ्या फोटोंसाठी नाही. ज्या एक-दोन फोटोंवाचून चालणारच नाही त्यांच्यासाठी मात्र जरूर करावं.

मोबाइलने फोटोचा फोटो काढला तर?

पिक्सेलच्या हिशेबात मोबाइल मुळीच कमी नाही. १ कोटी २० लाख पिक्सेलच्या कॅमेऱ्याने ४ बाय ६ चा फोटो चौकटभर टिपला तर इंचाला साडेसहाशेच्या वर पिक्सेल येतात. उणीव दुसरीकडे आहे. चकचकीत कागदावर खिडकीची चमक पडते, मोबाइल थोडा तिरका धरला की चौकोनाचा पतंग होतो, एका बाजूला उजेड जास्त पडतो, आणि मोबाइल स्वतःहून चेहरे गुळगुळीत करतो. हे शेवटचं मला सगळ्यात खटकतं. सुरकुत्या पुसलेली आजी आपली वाटत नाही.

तरीही एका ठिकाणी मी मोबाइलच सुचवेन. चिकट पानांच्या अल्बममध्ये वर्षानुवर्षं राहिलेले फोटो पानाला असे धरून बसतात की ओढले तर वरचा थर निघून येतो. तिथे ओढाताण न करता, ढगाळ दिवसाच्या सावलीतल्या उजेडात, पानाच्या बरोबर वर मोबाइल समांतर धरून फोटो घ्यावा.

पुढे एआय सगळं स्पष्ट करेलच ना?

चेहरे स्पष्ट करून देणारी सॉफ्टवेअर आता सहज मिळतात आणि त्यांचा परिणाम पहिल्यांदा बघताना डोळे भरून येतात. पण ती नेमकं काय करतात, हे माहीत असावं. नऊ पिक्सेलच्या डागातून डोळा परत मिळवता येत नाही. सॉफ्टवेअरने लाखो चेहरे पाहिलेले असतात, त्यावरून इथे कसा डोळा शोभेल ते ठरवून ते नवा डोळा काढतं. तो सुंदर असतो, पापण्यांसकट असतो, आणि तुमच्या आजोबांचा नसतो. गटातल्या फोटोवर असा प्रयोग केला तर मागच्या रांगेत अनोळखी माणसं उभी राहतात. हौस म्हणून जरूर करा, फाइलच्या नावात तसं लिहा, आणि मूळ स्कॅनला हात लावू नका. सुरुवातीला पुरेसे पिक्सेल घेतलेले असले की सॉफ्टवेअरला कल्पना कमी लढवावी लागते, म्हणून तर ६०० चा आग्रह.

ज्याकडे डीपीआयपेक्षा जास्त लक्ष द्यायला हवं

रंगीत फोटोंमधली रंगद्रव्यं अंधारात ठेवूनही उडत जातात. जुन्या अनेक फोटोंत निळसर हिरवं, ज्याला सायन म्हणतात, ते आधी फिकं होतं, म्हणून सगळा अल्बम लालसर झालेला दिसतो. हा लालसरपणा पुढे दुरुस्त करता येतो, पण त्यासाठी स्कॅनमध्ये रंगांच्या पायऱ्या भरपूर हव्यात. नेहमीच्या २४ बिट स्कॅनमध्ये प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. उडालेल्या फोटोत त्यातल्या समजा ८०च वापरात आहेत. त्या ताणून पूर्ण २५६ वर पसरल्या की मध्ये फटी पडतात आणि गालावरच्या सलग छटेऐवजी पट्टे दिसतात. स्कॅनरमध्ये ४८ बिटची सोय असेल तर प्रत्येक रंगाच्या ६५,५३६ पायऱ्या मिळतात. फाइल दुप्पट होते. उडालेल्या फोटोसाठी मी १२०० डीपीआयऐवजी ६०० आणि ४८ बिट घेईन, विचार न करता.

फाइल टिफ प्रकारात ठेवा. त्यात काही गळत नाही, आणि ४८ बिटही त्यात मावतात. जेपेग लहान असतं कारण ते बारीक तपशील टाकून देतं, आणि दुरुस्ती करून पुन्हा पुन्हा जतन केलं की दर वेळी आणखी थोडं. नातेवाइकांना पाठवायला जेपेगच्या प्रती काढाव्यात, आणि मेसेजच्या अ‍ॅपमधून पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवाव्यात, नाहीतर अ‍ॅप त्या आणखी लहान करतं. स्कॅनच्या खिडकीतलं आपोआप रेखीव करणं आणि आपोआप रंग सुधारणं बंद ठेवा. कृष्णधवल फोटोही रंगीत स्कॅन करा. पिवळसर डाग आणि शाईचे ठसे मग वेगळे ओळखता येतात आणि काढताही येतात.

एक गैरसमज अजून. ‘फाइल ३०० डीपीआयची पाठवा’ असं छपाईवाले सांगतात, तेव्हा लोक फाइल उघडून तिथला आकडा ७२ चा ३०० करतात आणि काम झालं असं समजतात. तयार फाइलमधला तो आकडा नुसती चिठ्ठी आहे, छापताना इंचात किती पिक्सेल बसवायचे एवढंच सांगणारी. पिक्सेल किती आहेत तेवढेच राहतात. छपाईवाल्याला विचारायचं ते हे, की छापील चित्र किती इंचांचं आहे. त्याला ३०० ने गुणलं की लागणारे पिक्सेल कळतात.

फोटो काचेवरून उचलताना तो उलटून बघायला विसरू नका. मागे पेन्सिलीने नाव असतं, स्टुडिओचा शिक्का असतो, कधी तारीख. मागची बाजूही रंगीतच स्कॅन करावी, ३०० डीपीआय पुरे. फिकट पेन्सिल पिवळ्या पडलेल्या कागदावर रंगीत स्कॅनमध्ये जास्त नीट वाचता येते. पुढच्या फाइलचा क्रमांक ०४७ असेल तर मागची ०४७-मागे असं नाव द्यावं, म्हणजे यादीत दोन्ही शेजारी राहतात.